सगळ्यांच्या खुर्चीला आरसा

आमच्या शेजारच्या फिटरना कुणी ‘हूकवाले’ म्हटलं की ते मान फिरवतात. म्हणणारा बिचारा कौतुकानंच म्हणत असतो. नाट्यगृहात समोरच्या खुर्चीच्या पाठीला पिशवी अडकवायला जो छोटा घडीचा हूक आहे, तो यांनी केला हे आता सगळ्यांना ठाऊक झालं आहे. भाजी घेताना कुणीतरी थांबवतं आणि म्हणतं, “फार सोय केलीत हो.” फिटर “हं” म्हणतात आणि चालू लागतात. घरी आल्यावर चपला अशा काढतात की एक दाराशी राहते आणि दुसरी पलंगाखाली जाते.

“हूक!” ते म्हणतात. “हूक काय, खिळा वाकवला तरी होतो.”

खरं आहे ते. त्यांना करायचा होता तो हूक नव्हताच.

नाट्यगृहातल्या खुर्च्या सांभाळणं हे त्यांचं काम. खाली दाबून बसायचं आणि उठलं की बैठक आपोआप वर जाते, अशा त्या जुन्या खुर्च्या आहेत. स्प्रिंग सैल झाली, हात निखळला, रेक्झीन फाटलं, कुणी च्युइंगगम चिकटवून गेलं, की फिटर. काम दिवसा, प्रयोग नसताना. मोठे दिवे लावायचे, जमिनीवर पाठ टेकायची आणि बैठकीच्या पोटात पान्हा घालायचा. अमकी खुर्ची करकरते अशी कुणी तक्रार केली तर विचारतात, “बसताना की उठताना?” उत्तर देता आलं नाही तर तुम्हाला खुर्चीत बसायचाही अधिकार नाही, अशा नजरेनं बघतात.

नाटक मात्र त्यांनी आजवर एकही पुरतं पाहिलेलं नाही. दिवे मंद होऊ लागले की यांचे डोळेही मंद होतात आणि पडदा वर जाईपर्यंत मान खाली गेलेली असते.

“दिवसभर तिथंच राबतो. अंधार झाला की शरीराला वाटतं, सुटलो,” हे त्यांचं म्हणणं.

“घरी उजेडातही असंच वाटतं यांच्या शरीराला,” हे वहिनींचं.

वहिनी म्हणजे त्यांची बायको, माझी नाटकांची जोडीदारीण. मी शाळेत शिकवत होते तेव्हापासून आम्ही दोघी नाटकाला जायचो. वहिनींच्या हसण्याची त्या नाट्यगृहाला सवय होती. विनोद पुरा व्हायच्या आतच त्यांना कळायचा आणि त्या एकट्याच खळखळून हसायच्या. मग सगळं प्रेक्षागृह मागून यायचं. एकदा एका नटानं रंगमंचावरूनच हात जोडले होते. “ताई, जरा थांबा, अजून माझं वाक्य संपायचंय.” त्यावर तर त्या जास्तच हसल्या होत्या.

मग एका सकाळी चूळ भरताना त्यांच्या तोंडाच्या डाव्या बाजूनं पाणी आपोआप गळालं. चेहऱ्याची नस दुखावली आहे, असं डॉक्टर म्हणाले, बरीचशी सुधारेल. सुधारलीही. डोळा मिटू लागला, बोलणं पुन्हा स्पष्ट झालं. ओठाचा डावा कोपरा मात्र जरासा खाली राहिला आणि सुन्न राहिला. तिथं चहाचा थेंब असो की खाल्ल्याचा कण, त्यांना कळत नाही.

त्यानंतर आम्ही एकदा नाटकाला गेलो. मध्यंतरात बाहेर चहा घेत उभ्या होतो. एक ओळखीच्या बाई आल्या आणि अगदी मायेनं, पण आसपासच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “अगं, हनुवटीवर ओघळ आलाय बघ तुझ्या!” म्हणाल्या आणि स्वतःचा रुमाल घेऊन पुसायलाही लागल्या. आसपासच्या माना वळल्या. दुसऱ्या अंकात वहिनी हसल्या नाहीत. पुढच्या नाटकाची तिकिटं काढू का विचारलं तर म्हणाल्या, “तुम्ही जा बाई. मला हल्ली फार वेळ बसवत नाही.”

बसवत नाही! ज्या बाईला पडदा पडला तरी उठवत नसे.

थोड्या दिवसांनी फिटर घराच्या गॅलरीत पत्रे कापत बसलेले दिसू लागले. पत्र्याचा आवाज दातांत जातो. मी खिडकी लावून घेतली, वहिनींना खिडकी लावून भागणार नव्हतं.

“कपाटाचं दार लटकतंय ते दिसत नाही,” त्यांचा आवाज यायचा, “आणि हे काय चाललंय?”

“कपाट कुठं पळून जातंय?”

“ते नाही जात. मी जाईन.”

जे चाललं होतं ते असं होतं. समोरच्या खुर्चीच्या पाठीवर, वरच्या कडेजवळ, एक पातळ चपटी डबी बसवायची. तिच्या झाकणाला खाली बिजागरी. बोटानं ओढलं की झाकण आपल्याकडं तिरकं उघडतं आणि आत असतो आरसा, बशीएवढा, बरोबर आपला चेहरा दाखवणारा. बोट लावलं की झाकण बंद, पाठ पुन्हा सपाट. आणि त्याच पत्र्याच्या खालच्या टोकाला एक घडीचा हूक, पिशवी अडकवायला.

नाट्यगृहाचा मॅनेजर माझा जुना विद्यार्थी, म्हणून फिटर मला बरोबर घेऊन गेले. वर्गातही तो असाच होता, उत्तर बरोबर असलं तरी “पण का?” असं विचारायचा. फिटरनी टेबलावर डबी ठेवली. मॅनेजरनं उघडली आणि स्वतःकडं बघितलं.

“काका, आरसा?”

“आरसा.”

“अंधारात?”

“मध्यंतरात दिवे लागतात ना.”

“मध्यंतरात लोक बाहेर जातात. आणि बाहेर आपला भिंतभर आरसा आहेच की.”

“त्याच्यापुढं सगळे उभे असतात.”

“मग?”

“मग काय मग,” फिटर म्हणाले. खुर्चीबद्दल विचारलं असतं तर तासभर बोलले असते. आरशाबद्दल विचारलं की त्यांची अशी गाडी अडायची. शेवटी म्हणाले, “केस विस्कटतात लोकांचे. नीट करायला.”

“लोक इथं नाटक बघायला येतात काका, स्वतःला नाही.” मॅनेजरनं डबी बंद केली. खट्! आवाज त्या छोट्या खोलीतही मोठा वाटला. “आणि हे असं एकेकानं वाजवलं तर नटांनी काय करायचं?”

दाराशी दरवान उभा होता. त्याला खालचा हूक दिसला. “साहेब, हे मात्र लावाच,” तो म्हणाला. “लोकांच्या पिशव्यांना अडखळून माझा गुडघा कामातून गेलाय.”

मॅनेजरनं हूक उघडून बघितला, पुन्हा घडी केला, पुन्हा उघडला. “हूक झकास आहे. नुसता हूकच लावू की.”

“तो वेगळा निघत नाही,” फिटर खिडकीकडं बघत म्हणाले. “एकाच पत्र्याचा आहे.”

मॅनेजरनं आवाजाचं निमित्त केलं होतं म्हणून ते डबी सुधारायला परत घरी घेऊन आले. आधी रबर लावलं, ते चिकटून बसलं. मग कापड लावलं, ते सुटलं. शेवटी वहिनींच्या एका जुन्या लोकरी टोपीचा बळी गेला. लोकरीची पट्टी आतून चिकटवल्यावर झाकण मांजराच्या पावलानं बंद होऊ लागलं. टोपी कुठं गेली यावरून जे झालं ते इथं लिहीत नाही.

मॅनेजरनं अखेर मागच्या बाजूची एक रांग दिली. एका प्रयोगापुरती. लोकांना आवडलं तर पुढं बघू.

रांगेतल्या सगळ्या खुर्च्यांसमोर डब्या बसवून फिटर घरी आले तेव्हा त्यांचे केस रेक्झीनच्या भुश्शानं भरले होते. वहिनींना म्हणाले, “चल या वेळी. नवीन केलंय ते बघ तरी.”

“आधी बाईंना बसून येऊ दे. मोडून पडलं तर माझ्या अंगावर नको.” मग जरा थांबून, भांडी पुसता पुसता, “बरं असलं तर पुढच्या नाटकाला बघू.”

‘बघू’ म्हणाल्या होत्या, ‘नाही’ म्हणाल्या नव्हत्या. तो शब्द खिशात घालून फिरावं तसे फिटर दोन दिवस फिरत होते.

प्रयोगाला नाट्यगृह भरलेलं होतं. मी त्या रांगेत बसले, फिटर मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले. उभं राहिलं तर झोप येत नाही, असा त्यांचा हिशेब होता. पहिला अंक सुरळीत गेला. मध्यंतरात दिवे लागले आणि रांगेत गंमतच झाली. एकानं बघून उघडलं म्हणून दुसऱ्यानं, म्हणून तिसऱ्यानं. कुणी केस सारखे करत होतं, कुणी डोळ्यात गेलेलं काढत होतं. माझ्या शेजारचे एक आजोबा कवळी काढून, बघून, परत बसवून म्हणाले, “वा!” कुणीही दुसऱ्याकडं बघत नव्हतं. मी मागं वळून फिटरकडं पाहिलं. त्यांचा चेहरा मी इतका उजळलेला आधी पाहिला नव्हता, पुढंही नाही.

दुसरा अंक सुरू झाला. आजोबांचा आरसा उघडाच राहिला होता. लक्षात आल्यावर त्यांनी अंधारातच चाचपून झाकण लावलं. समोरच्या खुर्चीत मॅनेजरची मेहुणी बसली होती. तिची वेणी लांब, जाड, आणि आरामात मागं टेकल्यामुळं खुर्चीच्या पाठीवरून आमच्या बाजूला लोंबत होती. ती वेणी डबीत गेली.

रंगमंचावर नाटकातला बाप नुकताच मेला होता. सगळीकडं शांतता. मुलगी त्याच्या पायाशी बसून हुंदका देणार, इतक्यात मेहुणी डोळे पुसायला म्हणून पुढं वाकली.

ती जी किंचाळली, त्यानं मेलेला बाप उठून बसला.

पुढचं काय सांगायचं! दिवे लावावे लागले. आजोबा घाबरून झाकण आणखीच दाबून धरत होते. मेहुणी “कोण आहे मागं, सोड!” म्हणून ओरडत होती. फिटर खुर्च्यांवरून उड्या मारत आले, स्क्रूड्रायव्हरनं बिजागरी सोडवू लागले, आणि त्या घाईत स्क्रू खाली पडला आणि तो शोधायला दरवानाला बॅटरी घेऊन बैठकीखाली घुसावं लागलं. लोक आधी घाबरले, मग हसले, आणि हसायचे थांबेनात. बाप पुन्हा मेला, पण आता कुणाला रडू येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फिटरबरोबर गेले. मॅनेजरला ओरडता येत नव्हतं, मी समोर होते म्हणून. घरी त्याच्या वाट्याला काय आलं असेल ते त्याच्या डोळ्यांखाली दिसत होतं.

“काका, समोरच्या खुर्चीत माणूस बसतो,” तो म्हणाला. “त्याला डोकं असतं. डोक्याला केस असतात. हे कसं नाही लक्षात आलं?”

जन्मभर फिटरनी खुर्च्या पाहिल्या त्या रिकाम्या. प्रत्येक डबी त्यांनी स्वतः मागच्या खुर्चीत बसून पाहिली होती, उंच माणसासाठी, ठेंगण्यासाठी, चष्मेवाल्यासाठी. पुढं कुणी असेल हे त्यांच्या हिशेबातच आलं नव्हतं.

“वर एक पट्टी लावतो,” ते म्हणाले. “केस आत जाणार नाहीत अशी.”

“नको. काढा सगळं.”

“आठ दिवस द्या.”

“काका, काढा.” मग त्याला जरा वाईट वाटलं असावं. “एक राहू द्या. कोपऱ्यातल्या खुर्चीला, पुढं कुणी बसत नाही तिथं. नमुना म्हणून. तुमच्या हातचं काम आहे.”

मला वाटलं, चला, निदान एक तरी वाचला. फिटर म्हणाले, “नको.”

“अहो, एक तरी—” मी म्हटलं.

“सगळे, नाहीतर एकही नाही.”

मॅनेजरनं माझ्याकडं बघून खांदे उडवले. म्हाताऱ्याचा हट्ट, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं. तेवढ्यात दरवान पुढं झाला. “साहेब, हूक मात्र ठेवा. निघत नाही म्हणतात, पण करवतीनं कापला की सुटतो. मी काल खाली पडून नीट बघितलंय.”

फिटरनी त्याच्याकडं जसं बघितलं, तसं मी वर्गात कुणाकडं बघितलं असतं तर त्या मुलानं शाळा सोडली असती.

आणि तसंच झालं. फिटरनी स्वतःच्या हातानं आरसे काढले, पत्रे कापले, हूक तेवढे पुन्हा बसवले. रेक्झीनमधल्या भोकांत लांबी भरली, वरून रंग दिला. पुढं मॅनेजरच्या हुकमानं सगळ्याच रांगांना हूक लागले. काढलेले आरसे पोत्यात घालून घरी आणले आणि गॅलरीत ओतले. संध्याकाळचं ऊन त्यांच्यावर पडून आमच्या घराच्या छतावर ठिपके नाचू लागले, तेव्हा मी बघायला गेले.

“एक ठेवायला काय हरकत होती?” मी विचारलं. “इतके दिवस खपलात ते.”

त्यांनी आत बघितलं. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालू होता. मग ते हळू आवाजात बोलू लागले, आणि मला ऐकू कमी येतं म्हणून पुन्हा जरा मोठ्यानं बोलू लागले.

“जेवताना ती चमचा उलटा करून बघते, बाई. चमच्याच्या पाठीत. झटकन, मला कळू नये म्हणून. पर्समध्ये आरसा आहे तिच्या, पण चारचौघांत काढत नाही. आरसा काढला की लोक बघतात, काय झालं म्हणून.” त्यांनी एक आरसा उचलून त्यावरची धूळ अंगठ्यानं पुसली. “एकाच खुर्चीला असला तर त्या खुर्चीत बसणारीकडं सगळे बघणार. सगळ्यांच्याच खुर्चीला असला तर जो तो आपापलं बघतो. मग तिनं बघितलेलं कोण बघणार? हूक काय... हूक मी मॅनेजरला गप्प करायला लावला होता. आता हूक राहिला.”

“म्हणजे माझ्या तोंडापायी सगळ्या रांगेला भोकं पाडलीत?”

वहिनी दारात उभ्या होत्या, हातात चहाचा ट्रे.

“तुझ्या तोंडाचं कोण म्हणालं?” फिटर गडबडले.

“तोंडाचा कोपरा गेलाय माझा. कान शाबूत आहेत.” ट्रे त्यांनी असा ठेवला की चहा बशीत सांडला. “मला सांगायला काय झालं होतं?”

“सांगितलं असतं तर आली असतीस?”

“मुळीच नसते आले.”

“मग!”

“मग काय मग? टोपी गेली ती गेलीच.”

मग वहिनी खाली बसल्या. “इतका खटाटोप करण्यापेक्षा शेजारी बसून हळूच सांगितलं असतं, ओठाला लागलंय म्हणून, तर?”

“मी झोपतो.”

“ते जगाला माहीत आहे.”

“मी सांगेन की,” मी म्हटलं.

“तुम्ही सांगाल हो बाई, पण तुमचं हळू म्हणजे शेवटच्या रांगेपर्यंत.”

वहिनींनी एक आरसा उचलला, त्यात बघितलं, ठेवला. “लोक हसत असतील ना तुम्हाला तिथं? वेणीवरून?”

“हसतात. तो दरवान रोज सकाळी विचारतो, आज कुणाची धरणार म्हणून.”

“तरी जाता?”

“काम आहे. न जाऊन कसं चालेल?”

वहिनी चहा प्यायल्या. रुमालानं ओठ पुसला, आमच्यासमोरच, दोनदा. म्हणाल्या, “या रविवारची तिकिटं काढा. तिघांची. आणि तुम्ही जागं राहायचं. लागलं असलं तर माझा हात दाबायचा. बोलायचं नाही.”

फिटरनी रविवारी दुपारी झोप काढून घेतली. निघण्याआधी दोनदा कॉफी घेतली. त्याच रांगेत आम्ही बसलो. त्यांच्या हातात वहिनींचा हात होता. वहिनींनी पिशवी हुकाला अडकवली. दिवे मंद होऊ लागले. मी फिटरकडं बघितलं, ते डोळे ताणून समोर बघत होते. पडदा वर गेला आणि मी पुन्हा बघितलं, तेव्हा त्यांची मान छातीवर होती.

वहिनींनी हात सोडवून घेतला नाही. पहिला अर्धा तास त्या ताठ बसून होत्या, रुमाल मुठीत. मग रंगमंचावर एक घरजावई सासऱ्याच्या चपला घालून ऐटीत बाहेर निघाला. सासरा दारातच उभा आहे हे त्याला दिसायच्या आत वहिनी हसल्या. एकट्याच. मग मागून सगळे.

मध्यंतराचे दिवे लागले. रांगेतले लोक बाहेर पडताना आमच्यापाशी थांबत, बघत आणि हसत पुढं जात होते. मी घाबरून वहिनींकडं पाहिलं. त्यांच्या हनुवटीवर डाव्या बाजूला एक ओला ओघळ होताच. पण लोक बघत होते ते फिटरकडं. फिटर तोंड उघडं टाकून झोपले होते आणि त्यांची लाळ थेट सदऱ्याच्या कॉलरवर उतरली होती.

वहिनींनी रुमाल काढून त्यांची हनुवटी पुसली, कॉलर पुसली. मग तोच रुमाल उलटा करून आपली.

फिटर दचकून जागे झाले आणि त्यांनी वहिनींचा हात जोरात दाबला. “लागलंय का?”

“तुम्हाला लागलं होतं.”

ते सावरून बसले. समोरच्या खुर्चीच्या पाठीवर त्यांची नजर गेली. पुढं वाकून त्यांनी लांबी भरलेल्या भोकांवरून अंगठा फिरवला.

“रंग जुळला नाही,” ते वैतागून म्हणाले. “उद्या पुन्हा घासावं लागणार.”

मागून कुणीतरी त्यांच्या खांद्यावर थाप मारली. “काय हूकवाले, फार सोय केलीत हो!”

“हं,” फिटर म्हणाले. वहिनी मोठ्यानं हसल्या.